रेषीय समीकरणांची शाब्दिक उदाहरणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राज्य मंडळाच्या दहावीच्या गणित भाग १ मधील पहिलेच प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचे आहे, आणि त्या प्रकरणात मुले सर्वांत जास्त अडतात ती शाब्दिक उदाहरणांपाशी. सांगलीत या इयत्तेला बीजगणित शिकवताना विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. पाठ्यपुस्तकात चलांसाठी, म्हणजे अज्ञात संख्यांसाठी, रोमन अक्षरे असतात. येथे त्यांच्या जागी ‘क्ष’ आणि ‘य’ वापरले आहेत. उदाहरणांतील भाव, भाडी आणि अंतरे केवळ हिशेबासाठी घेतलेली आहेत, ती बाजारातील किंवा नकाशावरील मानू नयेत.

समीकरणे दिली तर मला झटपट सोडवता येतात, पण शाब्दिक उदाहरण आले की काहीच सुचत नाही. असे का होते?

कारण ही दोन वेगळी कामे आहेत आणि सराव मात्र बहुधा एकाच कामाचा झालेला असतो. समीकरण सोडवणे हे ठरलेल्या पायऱ्यांचे काम आहे; गुणा, वजा करा, एका चलाचा लोप करा, किंमत ठेवा. समीकरण तयार करणे हे वाचनाचे काम आहे. शाब्दिक उदाहरण चुकलेल्या विद्यार्थ्याची वही पाहिली, तर बहुतेक वेळा आकडेमोड बरोबर असते आणि पहिल्या दोन ओळी चुकलेल्या असतात. म्हणून माझा आग्रह असा असतो की सुरुवातीचे काही दिवस उदाहरण सोडवूच नये. फक्त चल कशासाठी मानले ते आणि दोन समीकरणे एवढेच लिहून पुढच्या उदाहरणाकडे जावे. एका तासात अशी दहा उदाहरणे मांडून होतात, आणि संपूर्ण सोडवलेल्या तीन उदाहरणांपेक्षा त्यांचा उपयोग अधिक होतो.

क्ष आणि य नेमके कशासाठी मानायचे?

ज्या दोन गोष्टी माहीत नाहीत त्यांच्यासाठी, हे उत्तर बरोबर असले तरी अपुरे आहे. चल हे नेहमी एका संख्येसाठी असते, वस्तूसाठी नसते. सांगलीच्या बाजारातील हळदीचेच उदाहरण घेऊ.

एका शेतकऱ्याने हळकुंडे आणि गड्डे मिळून १८ क्विंटल हळद विकली. हळकुंडाला क्विंटलमागे १४,००० रुपये आणि गड्ड्याला १२,५०० रुपये भाव मिळाला. एकूण २,४४,५०० रुपये आले. तर प्रत्येक प्रकारची हळद किती होती?

अनेक विद्यार्थी येथे ‘हळकुंड = क्ष, गड्डा = य’ असे लिहितात. या ओळीतून काहीच ठरत नाही, कारण हळकुंडाचे वजन, हळकुंडाचा भाव आणि हळकुंडाची एकूण रक्कम या तीन वेगवेगळ्या संख्या आहेत. पुढे एका समीकरणात तेच क्ष वजन म्हणून येते आणि दुसऱ्यात रुपये म्हणून. तेथे उदाहरण बिघडते. योग्य ओळ अशी असावी: ‘विकलेल्या हळकुंडाचे वजन क्ष क्विंटल आणि गड्ड्याचे वजन य क्विंटल मानू.’ ‘वजन’ आणि ‘क्विंटल’ हे दोन शब्द लिहिले की समीकरणे जवळजवळ आपोआप पुढे येतात:

क्ष + य = १८
१४,०००क्ष + १२,५००य = २,४४,५००

दुसऱ्या समीकरणाला ५०० ने भागले की २८क्ष + २५य = ४८९ मिळते. पहिल्याला २५ ने गुणून वजा केल्यास ३क्ष = ३९, म्हणजे क्ष = १३ आणि य = ५. हळकुंडे १३ क्विंटल आणि गड्डे ५ क्विंटल.

आता तीच गोष्ट उलटी घेऊ. भाव माहीत नाहीत, पण अडत दुकानाच्या दोन पट्ट्या, म्हणजे विक्रीची बिले, हातात आहेत. पहिल्या पट्टीत १० क्विंटल हळकुंडे आणि ४ क्विंटल गड्डे यांचे १,९०,००० रुपये झाले. दुसऱ्या पट्टीत त्याच भावाने ६ क्विंटल हळकुंडे आणि ५ क्विंटल गड्डे यांचे १,४६,५०० रुपये झाले. येथे क्ष आणि य हे भाव असतील, वजने नव्हेत. वस्तू त्याच, बाजार तोच, पण चलाचा अर्थ पूर्ण बदलला. उदाहरणाच्या शेवटी काय विचारले आहे ते आधी वाचावे, हा सल्ला याचसाठी दिला जातो.

वाक्याचे समीकरण करताना बरोबरचे चिन्ह कोठे येते, हे कसे ओळखावे?

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, आणि बरोबरचे चिन्ह बहुधा त्या क्रियापदातच दडलेले असते. ‘आहे’, ‘होते’, ‘येते’, ‘मिळतात’, ‘झाली’ यांपैकी जो शब्द दोन संख्यांची गाठ घालून देतो, तेथे ‘=’ समजावे. ‘दोन संख्यांची बेरीज ५३ आहे’ या वाक्यात ‘आहे’ शेवटी असले, तरी ते ‘बेरीज’ आणि ‘५३’ यांना जोडते; म्हणून क्ष + य = ५३.

एका वाक्यात दोन क्रियापदे असतील, तर पहिले बहुधा कृती सांगते आणि दुसरे परिणाम. ‘पहिल्या संख्येच्या दुपटीत दुसरी मिळवली तर ८० येतात’ यातील ‘मिळवली’ म्हणजे अधिकचे चिन्ह आणि ‘येतात’ म्हणजे बरोबरचे: २क्ष + य = ८०. वाक्याखाली पेन्सिलीने अशी खूण करण्याची सवय लावून घेतल्यास लांबलचक वाक्याचीही भीती राहत नाही.

‘पेक्षा’, ‘ने’ आणि ‘पट’ या शब्दांत माझा नेहमी गोंधळ होतो. काही नियम आहे का?

आहे, आणि तो व्याकरणातून येतो. ज्या शब्दाला ‘पेक्षा’ किंवा ‘हून’ लागते, ती तुलनेची मूळ संख्या असते. ज्या आकड्याला ‘ने’ लागते, तो फरक असतो. ‘आईचे वय मुलीच्या वयाच्या तिपटीपेक्षा २ ने कमी आहे’ या वाक्यात मूळ संख्या ‘मुलीच्या वयाची तिप्पट’ ही आहे आणि फरक २ आहे. मुलीचे वय क्ष व आईचे वय य असेल, तर य = ३क्ष − २. वाक्य डावीकडून उजवीकडे वाचत जसे शब्द येतील तसे लिहीत गेले, तर य − २ = ३क्ष असे चुकीचे समीकरण तयार होते, आणि ही चूक हुशार विद्यार्थ्यांकडूनही होते. शंका आल्यास मुलीचे वय १० मानून पाहावे: तिप्पट ३०, त्यापेक्षा २ ने कमी म्हणजे आई २८ वर्षांची. चुकीच्या समीकरणातून ३२ येतील आणि चूक लगेच दिसेल.

‘बेरजेची तिप्पट’ आणि ‘एकाच्या तिपटीत दुसरे मिळवणे’ याही वेगळ्या गोष्टी आहेत. ‘क्ष आणि य यांच्या बेरजेची तिप्पट’ म्हणजे ३(क्ष + य). ‘क्षच्या तिपटीत य मिळवल्यास’ म्हणजे ३क्ष + य. ‘यांच्या’ हा शब्द दिसला की कंस घालावा.

आपल्या भाषेत अपूर्णांकांची स्वतंत्र नावे आहेत, ही मोठीच सोय आहे: निमपट म्हणजे १/२, पाऊणपट म्हणजे ३/४, सव्वापट म्हणजे ५/४, दीडपट म्हणजे ३/२, अडीचपट म्हणजे ५/२. मात्र पावणेदोनपट म्हणजे ७/४ हे अनेकांना चटकन आठवत नाही. घरात ही नावे आता कमी कानावर पडतात, म्हणून मुद्दाम उजळणी करावी.

‘तिप्पट झाली’ आणि ‘तिपटीने वाढली’ यांबाबत मात्र सावध राहावे. पहिल्याचा अर्थ निःसंशय ३क्ष होतो. दुसऱ्याचा काटेकोर अर्थ क्ष + ३क्ष, म्हणजे ४क्ष असा होतो, पण बोलण्यात आणि वर्तमानपत्रांतही तो ३क्ष याच अर्थाने वापरला जातो. स्वतः उदाहरण तयार करणाऱ्याने ‘तिपटीने वाढली’ लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

चलांना क्ष आणि य असेच का म्हणायचे? दुसरी अक्षरे चालतील का?

कोणतीही चालतील. बाराव्या शतकात भास्कराचार्यांच्या बीजगणितात पहिल्या अज्ञात संख्येला ‘यावत्तावत्’, म्हणजे ‘जितके तितके’, असे नाव होते आणि पुढच्या अज्ञातांना रंगांची नावे होती: कालक, नीलक, पीतक. लिहिताना त्यांची आद्याक्षरे या, का, नी, पी अशी घेत. त्यांच्याच ग्रंथातील एक प्रसिद्ध उदाहरण आजही वर्गात देण्याजोगे आहे. एक जण दुसऱ्याला म्हणतो, ‘तू मला १०० दिलेस तर माझ्याकडे तुझ्या दुप्पट धन होईल.’ दुसरा म्हणतो, ‘तू मला १० दिलेस तर माझ्याकडे तुझ्या सहापट होईल.’ समीकरणे अशी:

क्ष + १०० = २(य − १००)
य + १० = ६(क्ष − १०)

उत्तर ४० आणि १७०. यातील महत्त्वाची जागा म्हणजे उजवीकडची वजाबाकी. एकाकडे १०० आले, तर दुसऱ्याकडून तितकेच गेले. विद्यार्थी डावीकडे १०० मिळवतात आणि उजवीकडे य तसाच ठेवतात.

लोप, आदेश, आलेख आणि क्रेमर यांपैकी कोणती पद्धत वापरावी?

प्रश्नात पद्धत सांगितली असेल तर तीच. सांगितली नसेल, तर एखाद्या चलाचा सहगुणक (चलाला गुणणारा आकडा) १ असताना आदेश पद्धत, म्हणजे एका चलाची किंमत दुसऱ्याच्या रूपात ठेवण्याची पद्धत, सोपी पडते; इतर वेळी लोप पद्धत. आलेख समजण्यासाठी उत्तम आहे, पण उत्तर अपूर्णांकात असेल तर आलेखावरून ते नेमके वाचता येत नाही.

क्रेमरची पद्धत मोठ्या आकड्यांत फार उपयोगी पडते. जिनिव्हाचे गणिती गॅब्रिएल क्रेमर यांनी ती १७५० मध्ये प्रसिद्ध केली. वरच्या दोन पट्ट्यांच्या उदाहरणात समीकरणे १०क्ष + ४य = १,९०,००० आणि ६क्ष + ५य = १,४६,५०० अशी आहेत. सहगुणकांचा निश्चयक, म्हणजे चौकटीतील तिरप्या गुणाकारांमधील फरक, (१० × ५) − (४ × ६) = २६. क्षसाठीचा निश्चयक (१,९०,००० × ५) − (४ × १,४६,५००) = ३,६४,०००. यसाठीचा निश्चयक (१० × १,४६,५००) − (१,९०,००० × ६) = ३,२५,०००. भागाकार केल्यावर क्ष = १४,००० आणि य = १२,५००. लोप पद्धतीतही हेच गुणाकार करावे लागतात. क्रेमरच्या पद्धतीत ते एका चौकटीत नीट बसतात, इतकेच. या पद्धतीत समीकरणे आधी प्रमाण रूपात, म्हणजे चलांची पदे डावीकडे आणि नुसता आकडा (स्थिर पद) उजवीकडे अशी, आणणे अत्यावश्यक आहे. स्थिर पद डावीकडे राहिले, तर चिन्ह चुकते.

एखादी माहिती दिलेलीच नाही असे वाटते. तेव्हा काय करावे?

अनेकदा ती दिलेली असते, पण आकड्याच्या रूपात नसते. टेम्पोच्या भाड्याचे उदाहरण पाहा. मालवाहू टेम्पोने २० किलोमीटरसाठी ९०० रुपये आणि ३५ किलोमीटरसाठी १,३५० रुपये घेतले. भाड्यात काही रक्कम ठरावीक आहे आणि उरलेली अंतराच्या प्रमाणात आहे. पहिल्या फेरीत किलोमीटरला ४५ रुपये पडले आणि दुसऱ्या फेरीत ३९ रुपयांहून कमी. दर असा घसरतो त्याचे कारणच ती ठरावीक रक्कम आहे. ठरावीक रक्कम क्ष रुपये आणि दर किलोमीटरला य रुपये मानल्यास क्ष + २०य = ९०० आणि क्ष + ३५य = १,३५०. वजा केल्यावर १५य = ४५०, म्हणून य = ३० आणि क्ष = ३००.

इतर ठिकाणी लपलेली माहिती भूमितीची असते (त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८०°), पैशाची असते (एक रुपया म्हणजे १०० पैसे) किंवा घड्याळाची असते.

वयाच्या उदाहरणांत नेहमी चूक होते. का?

बहुतेक वेळा एकाचे वय मागे नेले जाते आणि दुसऱ्याचे आजच्याच जागी राहते म्हणून. ‘पाच वर्षांपूर्वी आईचे वय मुलीच्या वयाच्या चौपट होते. दहा वर्षांनंतर आईचे वय मुलीच्या वयाच्या दुपटीपेक्षा १ ने जास्त होईल.’ मुलीचे आजचे वय क्ष वर्षे आणि आईचे आजचे वय य वर्षे. समीकरण लिहिण्याआधी प्रत्येक काळातील दोन्ही वये स्वतंत्र लिहावीत: पाच वर्षांपूर्वी क्ष − ५ आणि य − ५, दहा वर्षांनंतर क्ष + १० आणि य + १०. मग य − ५ = ४(क्ष − ५) आणि य + १० = २(क्ष + १०) + १. सोडवल्यास मुलगी १३ वर्षांची आणि आई ३७ वर्षांची. पडताळा: पाच वर्षांपूर्वी ८ आणि ३२, दहा वर्षांनंतर २३ आणि ४७. वयांतील फरक तिन्ही वेळी २४ च आहे, आणि तो तसाच असायला हवा.

दोन अंकी संख्येच्या उदाहरणात संख्या ‘क्षय’ अशी का लिहू नये?

कारण बीजगणितात शेजारी लिहिलेली दोन अक्षरे म्हणजे गुणाकार. दशक स्थानी क्ष आणि एकक स्थानी य असेल तर संख्या १०क्ष + य आणि अंकांची अदलाबदल केल्यावर १०य + क्ष.

येथे मराठी माध्यमातील मुलांची एक खास अडचण आहे. आपण ‘सत्तेचाळीस’ म्हणतो तेव्हा सात आधी ऐकू येतात आणि चाळीस नंतर; लिहिताना मात्र ४ आधी येतो. जलद वाचताना ‘पहिला अंक’ म्हणजे बोललेला की लिहिलेला, असा गोंधळ मनात होतो. म्हणून ‘पहिला’ व ‘दुसरा’ असे न लिहिता ‘दशक स्थानचा’ आणि ‘एकक स्थानचा’ असेच लिहावे. अंकांची बेरीज ११ आहे आणि अदलाबदल केल्यावर संख्या २७ ने वाढते, तर क्ष + य = ११ आणि (१०य + क्ष) − (१०क्ष + य) = २७, म्हणजे य − क्ष = ३. संख्या ४७.

नावेच्या उदाहरणात प्रवाहाचा वेग मिळवायचा की वजा करायचा?

कृष्णाकाठच्या मुलांना हे खरे तर सांगावे लागू नये. सांगलीत कृष्णेच्या पात्रात होड्यांच्या शर्यती होतात. हरिपूरच्या संगमाकडे, म्हणजे प्रवाहाच्या दिशेने जाताना नदी होडीला पुढे नेते आणि परतताना तीच अडवते. संथ पाण्यातील होडीचा वेग ताशी क्ष किलोमीटर आणि प्रवाहाचा वेग ताशी य किलोमीटर असेल, तर प्रवाहाच्या दिशेने वेग क्ष + य आणि विरुद्ध दिशेने क्ष − य.

अवघड वाटते ते पुढे, कारण वेळ म्हणजे अंतर भागिले वेग आणि चल छेदात जाते. समजा, प्रवाहाविरुद्ध १२ किलोमीटर आणि प्रवाहाच्या दिशेने २४ किलोमीटर जाण्यास एकूण ५ तास लागतात. तसेच प्रवाहाविरुद्ध १८ आणि दिशेने १६ किलोमीटर जाण्यासही ५ तासच लागतात. ही समीकरणे रेषीय नाहीत. १/(क्ष − य) = म आणि १/(क्ष + य) = न असे मानले की ती रेषीय होतात:

१२म + २४न = ५
१८म + १६न = ५

पहिल्याला ३ ने आणि दुसऱ्याला २ ने गुणून वजा केल्यास ४०न = ५, म्हणजे न = १/८ आणि म = १/६. येथे अनेक जण थांबतात आणि म व न हेच उत्तर म्हणून लिहितात. काम अजून अर्धे बाकी आहे: क्ष − य = ६ आणि क्ष + य = ८, म्हणून होडीचा वेग ताशी ७ किलोमीटर आणि प्रवाहाचा ताशी १ किलोमीटर. उत्तर वाजवी आहे का, हेही पाहावे. प्रवाहाचा वेग होडीच्या वेगापेक्षा जास्त आला असता, तर होडी परत येऊच शकली नसती.

वेग आणि वेळ दोन्ही माहीत नसतील, तर क्षय असे पद येते. मग ते रेषीय कसे?

ते पद बहुधा दोन्ही बाजूंना येते आणि निघून जाते. एसटीचा ताशी वेग १० किलोमीटरने जास्त असता तर प्रवासाला ३० मिनिटे कमी लागली असती. १० किलोमीटरने कमी असता तर ५० मिनिटे जास्त लागली असती. वेग ताशी क्ष किलोमीटर, वेळ य तास, अंतर क्षय किलोमीटर.

(क्ष + १०)(य − १/२) = क्षय यावरून २०य − क्ष = १०
(क्ष − १०)(य + ५/६) = क्षय यावरून क्ष − १२य = १०

बेरीज केल्यावर ८य = २०, म्हणून य = ५/२ तास (अडीच तास), क्ष = ४० आणि अंतर १०० किलोमीटर. मिनिटांचे तास करायला विसरणे ही येथील सर्वांत मोठी चूक आहे. वेग तितकाच वाढला आणि कमी झाला, तरी वाचलेली ३० मिनिटे आणि गेलेली ५० मिनिटे सारखी नाहीत, ही गोष्ट विद्यार्थ्यांना थांबून विचार करायला लावावी अशी आहे.

मिश्रणाच्या उदाहरणांत दुसरे समीकरण कोठून आणायचे?

पहिले समीकरण एकूण मालाचे आणि दुसरे त्यातील एका घटकाचे. आपल्या जिल्ह्यांत घरोघरी समजणारे उदाहरण दुधाचे आहे. ३.५ टक्के फॅटचे गाईचे दूध आणि ६ टक्के फॅटचे म्हशीचे दूध मिसळून ४.५ टक्के फॅटचे १०० किलो दूध करायचे आहे. गाईचे दूध क्ष किलो आणि म्हशीचे य किलो:

क्ष + य = १००
३.५क्ष + ६य = ४५०

यावरून य = ४० आणि क्ष = ६०. गाईच्या दुधातून २.१ किलो आणि म्हशीच्या दुधातून २.४ किलो, असे मिळून ४.५ किलो फॅट येते. टक्क्यांची थेट बेरीज करून २ ने भागले तर ४.७५ मिळतात, पण ते समान वजने घेतल्यासच खरे असते.

उत्तर ऋण किंवा अपूर्णांकात आले, तर माझे उदाहरण चुकले असे समजावे का?

आधी आकडेमोड तपासावी. ती बरोबर असेल, तर उत्तर आपल्याला परिस्थितीबद्दल काहीतरी सांगत असते. वरील दुधातूनच ६.५ टक्के फॅटचे मिश्रण करायचे म्हटले, तर य = १२० आणि क्ष = −२० येते. समीकरणे सांगत आहेत की हे शक्य नाही, कारण मिश्रणाचे फॅट दोन्ही दुधांच्या फॅटच्या मधलेच असणार.

दुसरे उदाहरण सहलीचे. सज्जनगडाला १०० जण निघाले. ९ आसनी आणि १७ आसनी मिळून ८ गाड्या केल्या. क्ष + य = ८ आणि ९क्ष + १७य = १०० सोडवल्यास य = ३.५ येते. साडेतीन गाड्या होत नाहीत. चूक आकडेमोडीत नाही, तर ‘सर्व गाड्या पूर्ण भरल्या’ या न सांगितलेल्या गृहीतात आहे. दोन्ही प्रकारच्या ४ गाड्या केल्यास १०४ आसने होतात आणि ४ रिकामी राहतात. वजन, भाव किंवा वेळ यांची उत्तरे मात्र अपूर्णांकात येण्यात काहीच वावगे नाही.

‘अनंत उकली’ आणि ‘उकल नाही’ यांचा व्यवहारात काय अर्थ होतो?

साताऱ्यात एका गिऱ्हाइकाने २ किलो कंदी पेढे आणि ३ पाकिटे चिवडा घेऊन १,१४० रुपये दिले. दुसऱ्याने त्याच दुकानातून ४ किलो पेढे आणि ६ पाकिटे चिवडा घेऊन २,२८० रुपये दिले. यावरून पेढ्यांचा भाव काढता येत नाही, कारण दुसरे बिल पहिल्याच्या नेमके दुप्पट आहे. दोन वाक्ये असली तरी माहिती एकच आहे. या दोन्ही समीकरणांचा आलेख एकच रेषा असतो. दुसऱ्याने २,२०० रुपये दिले असतील, तर दोन्ही गोष्टी एकाच भावाने खऱ्या असू शकत नाहीत. त्याला सूट मिळाली असणार. तेव्हा रेषा समांतर होतात. सहगुणकांचा निश्चयक दोन्ही वेळी शून्य येतो.

परीक्षेत मांडणी कशी असावी?

चल कशासाठी मानले ते एककासह पूर्ण वाक्यात लिहावे. प्रत्येक समीकरणाआधी ‘पहिल्या अटीनुसार’, ‘दुसऱ्या अटीनुसार’ असे लिहावे आणि समीकरणांना क्रमांक द्यावेत. शेवटी उत्तर वाक्यात, एककासह. गणित भाग १ चा पेपर ४० गुणांचा आणि दोन तासांचा असतो, त्यामुळे एवढ्या लेखनाला वेळ पुरतो.

पडताळा घेताना मात्र आपण तयार केलेल्या समीकरणात किंमती ठेवू नयेत. समीकरणच चुकले असेल, तर चुकीचे उत्तरही त्यात चपखल बसते. किंमती मूळ गोष्टीत ठेवाव्यात.

एकाच चलाने उदाहरण सुटत असेल, तर दोन चले कशासाठी?

१८ क्विंटलपैकी क्ष हळकुंडे, तर १८ − क्ष गड्डे असे लिहूनही उत्तर येते, आणि ते चुकीचे नाही. पण त्यात पहिले समीकरण मनातल्या मनात सोडवून टाकलेले असते. अट गुंतागुंतीची असेल तर ते मनात करणे धोक्याचे होते. शिवाय या प्रकरणावरील प्रश्नात दोन चलांची समीकरणे अपेक्षित असतात.

मला गणित फारसे येत नाही. मुलाला घरी काय मदत करू शकतो?

समीकरण सोडवून दाखवण्याची गरज नाही. मुलाला उदाहरण मोठ्याने वाचायला सांगा आणि विचारा, ‘यात काय माहीत नाही? क्ष म्हणजे काय, किलो की रुपये?’ मग पुस्तक मिटून तीच गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा. सांगता आली तर मांडता येईल. घरातील किराणा, डेअरीचे बिल, उसाची किंवा बेदाण्याची पट्टी यांवरून मुलाने स्वतः एक उदाहरण तयार करावे आणि तुम्ही उत्तर माहीत असल्याने बरोबर की चूक एवढेच सांगावे. असे उदाहरण तयार करताना आधी उत्तर ठरवायचे आणि त्यावरून एकूण रक्कम काढायची असते; हे एकदा जमले की पुस्तकातील उदाहरण कसे घडवले आहे ते मुलाला आतून दिसू लागते.